उण्याचं चिन्ह

रसायनशास्त्र विभागाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत तिला सगळे आजी म्हणत. वय म्हणाल तर तिशीच्या थोडं पुढे, केस काळेभोर, गुडघे ठणठणीत. पण पीएच.डी.ला नाव नोंदवून सात वर्षं होत आली होती आणि तिच्या मागून आलेली पोरं डॉक्टर होऊन, केक कापून, फोटो काढून कधीच निघून गेली होती. तिच्याआधीपासून तिथे असलेला आता फक्त वॉटर कूलर उरला होता, आणि तोसुद्धा अधूनमधून सुट्टी घ्यायचा. नवीन विद्यार्थी आला की कुणीतरी तिच्याकडे बोट दाखवून सांगे, "यांना नमस्कार कर, या आपल्या आजी." ती हसायची. सुरुवातीला मनापासून हसायची, मग सवयीनं, आणि आताशा फक्त दात दिसायचे.

घोडं पेंड खात होतं ते पाचव्या प्रकरणापाशी. पहिली चार प्रकरणं कधीचीच लिहून झाली होती. पाचवं लिहून झालं की ती ते सरांच्या टेबलावर ठेवायची. सर चष्म्यावरून त्याच्याकडे बघायचे, वरचं पान उलटायचे, परत सरळ करायचे आणि म्हणायचे, "नंतर बघू." का नंतर, काय खटकलं, कुठलं वाक्य बदलायचं, काही नाही. ती बिचारी ते घेऊन परत जायची, सगळं पुन्हा करायची, नव्यानं लिहायची. पुन्हा टेबल, पुन्हा चष्मा, पुन्हा नंतर बघू. विद्यार्थ्यांनी सरांचं पाठीमागचं नाव नंतरबघू असंच ठेवलं होतं. बाकीच्यांच्या बाबतीत ते थट्टेचं होतं. तिच्या बाबतीत थट्टा राहिली नव्हती.

घरून रविवारी बाबांचा फोन यायचा. "झालं का गं?" असं ते विचारायचे. "नाही, बाबा." "बरं, होईल हो," म्हणून बाबा हवापाण्याचं बोलायला लागायचे. का झालं नाही, असं त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिला काय सांगता आलं असतं? तिला एकच कारण सुचायचं. आपण मठ्ठ आहोत. सरांना चांगुलपणामुळे ते तोंडावर सांगवत नाही, एवढंच.

कारण सर तसे चांगलेच होते, आणि शिकवायला तर त्यांच्यासारखा माणूस नव्हता. ती या रस्त्याला लागली तीही त्यांच्या एका तासामुळे. सरांनी त्या दिवशी लाकडाचं मॉडेल आणलं होतं: दोन फुगीर गोळे देठाशी जोडलेले, एक तांबडा, एक निळा. हा अणूतल्या इलेक्ट्रॉनचा एक आकार, सर म्हणाले. इलेक्ट्रॉन नेमका कुठे आहे हे विचारू नका, तो कुठे सापडण्याची शक्यता जास्त आहे एवढंच सांगता येतं. या गोळ्यात सापडेल, नाहीतर त्या गोळ्यात सापडेल. मधल्या सपाटीवर मात्र कधीच सापडणार नाही, तिथे शक्यता शून्य. तिनं हात वर केला आणि विचारलं, "सर, मग तो या गोळ्यातून त्या गोळ्यात जातो कसा? मधून जायला तर बंदी आहे." सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "तू त्याला मुंगी समजतेयस. तो लाट आहे. तो या खोलीतून त्या खोलीत जात नाही, तो एकाच वेळी दोन्हीकडे पसरलेला आहे. आणि लाटेला चढ असतो तसा उतार असतो. हा तांबडा म्हणजे अधिक, निळा म्हणजे उणे. शक्यता काढायची तर लाटेचा वर्ग करायचा. वर्ग केला की उणेचंही अधिक होतं. म्हणून शक्यतेकडे बघून चिन्ह कळत नाही. पण दोन अणू जवळ आले की सगळा खेळ चिन्हाचाच असतो. तांबड्याला तांबडा भेटला तर लाट वाढते, मधे इलेक्ट्रॉन साठतो, बंध तयार होतो. तांबड्याला निळा भेटला तर दोघं एकमेकांना पुसून टाकतात आणि मधे काही उरत नाही." त्या तासाला ती जी खुळावली ती खुळावलीच.

तर तिचं पाचवं प्रकरण होतं एका मोठ्या रेणूवर. त्यात धातूचे दोन अणू समोरासमोर बसलेले होते, आणि त्यांच्यात बंध आहे असं तिचं गणित सांगत होतं. असाच बंध सरांनी तरुणपणी एका रेणूत दाखवला होता. त्या एका शोधनिबंधावर सरांचं नाव झालं होतं, विभागप्रमुखपदही त्याच जोरावर आलं होतं. गणित करायचं ते सरांनीच तेव्हा लिहिलेल्या प्रोग्रामनं. प्रयोगशाळेत हा प्रोग्राम वारशानं चालत आलेला. जाणारा विद्यार्थी येणाऱ्याला कुठली कळ दाबायची तेवढं सांगायचा, आणि वर बजावायचा, "आत डोकवायचं नाही हं, सरांचं आहे." कुणी डोकवायचं नाही. देव्हाऱ्यासारखं झालं होतं ते, म्हणजे दिवा लावायचा आणि मागे सरायचं.

सर या महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. मागच्या महिन्यात एका सकाळी त्यांनी तिला बोलावलं आणि पाचव्या प्रकरणावर न वाचताच सही केली. "जोडून टाक प्रबंधाला आता," म्हणाले. तिला खरंच वाटेना. समितीपुढचं सादरीकरण ठरलं. त्यात निभावलं की प्रबंध सादर, आणि मग सुटका. नाही निभावलं तर सर जाणार, नवे मार्गदर्शक शोधायचे, ते आधीच्यांच्या विद्यार्थ्याला उभं करणार की नाही देव जाणे.

आणि नेमकं तेव्हाच तिला रंगाची दुर्बुद्धी सुचली. सरांच्या काळातली चित्रं काळीपांढरी असायची. हिला वाटलं, समितीपुढे जरा झोकात जाऊ, गोळे तांबडे-निळे करू. केले, तर सगळेच्या सगळे गोळे तांबडे. निळा एक नाही. तिला वाटलं रंगांचंच काहीतरी बिघडलंय. पुष्कळ खटपट करून पाहिली. शेवटी जे कुणी केलं नव्हतं ते तिनं केलं, प्रोग्राम उघडून आत पाहिलं.

मोठ्या रेणूंसाठी सरांनी आत एक वेगळी वाट काढली होती. त्या काळी कॉम्प्युटरला जागा कमी, म्हणून लाटेऐवजी तिचा वर्ग साठवायचा आणि पुढे लागेल तेव्हा वर्गमूळ काढायचं. दिसायला हुशारी. पण वर्ग केला की उणे पुसलं जातं, आणि वर्गमूळ काढलं तर ते परत येत नाही. प्रोग्राम दर वेळी अधिकच उचलायचा. म्हणजे या वाटेनं गेलेल्या रेणूत तांबड्याला कायम तांबडाच भेटणार. बंध असो वा नसो, दिसणार. छोट्या रेणूंचं गणित दुसऱ्या वाटेनं व्हायचं, त्यामुळे बाकी पोरं सहीसलामत सुटली होती. या वाटेनं आजवर दोघंच गेले होते, सर आणि ती.

तिनं चिन्ह जागेवर ठेवून गणित पुन्हा केलं. धातूच्या दोन अणूंच्या मधे तांबड्याला निळा भेटला आणि जागा रिकामी झाली. बंध नव्हताच. तिनं त्या चित्राचा कागद छापला, टेबलाच्या खणात सर्वात खाली सारला आणि खण बंद केला. मग ठरवलं की मूग गिळून गप्प बसायचं. ठरवताना तिला स्वतःची लाज वाटली, पण तेवढी लाज परवडली. या खोलीतून बाहेर पडायला मिळत असेल तर तिला काहीही परवडणार होतं.

सादरीकरण पाचव्या मजल्यावर होतं. ती तिसऱ्यावरून लिफ्टमध्ये शिरली तेव्हा सर आधीच आत होते, हातात तेच जुनं लाकडी मॉडेल. इतक्या वर्षांच्या हाताळणीनं त्याचा रंग उडून गेला होता. दोन्ही गोळे नुसते लाकडाच्या रंगाचे दिसत होते. "शुभशकुन म्हणून आणलं," सर म्हणाले. दार लागलं, लिफ्ट हलली, एक गचका बसला आणि ती थांबली. पंखा बंद पडला. दिवा मात्र चालू राहिला, आणि वरच्या पाटीवर तीन आणि चार आळीपाळीनं लुकलुकायला लागले.

सरांनी घंटेचं बटण दाबलं. घंटा कुठेतरी लांब खोकल्यासारखी वाजली. फोनला रेंज नव्हती. बऱ्याच वेळानं वरून विभागाच्या शिपायाचा आवाज आला. त्यांना सगळे मामा म्हणत.

"सर, कुठे आहात?"

"लिफ्टमध्ये!"

"ते कळलं हो. कितव्या मजल्यावर?"

सर पाटीकडे बघून म्हणाले, "मामा, जन्मभर शिकवत आलो, कुठे आहे असं विचारू नये. कुठे असण्याची शक्यता किती, असं विचारावं."

"शक्यता राहू द्या, सर. मजला सांगा. मेकॅनिक विचारतोय."

"तिसऱ्या-चौथ्याच्या मधे!"

तिला हसू आलं. सर असे एकदम गोड बोलून जायचे आणि मग त्यांच्यावर रागावताच यायचं नाही. मामा म्हणाले की मेकॅनिक वर यंत्राच्या खोलीत चाललाय, समितीच्या बाईंना निरोप दिलाय, त्या चहा घेताहेत, काळजी नको. पावलांचा आवाज लांब गेला.

आता आत दोघंच. उकडायला लागलं. लिफ्ट एवढीशी, हात पसरला तर दोन्ही भिंतींना लागेल. आरशात सर आणि ती शेजारीशेजारी दिसत होती. तिनं आरशाकडे पाठ केली तर समोर दार आलं. इथे बघायला तिसरं काही नव्हतं. श्वास कोंडल्यासारखं झालं, पण तिच्या लक्षात आलं की हे काही लिफ्टमुळे नव्हे, हे ओळखीचं आहे. रोज सकाळी प्रयोगशाळेचं कुलूप उघडताना असंच होतं.

"वेळ आहे तर म्हणून दाखव," सर म्हणाले. "पाचवं. अडखळतेस तिथे."

तिनं सुरुवात केली. पाठच होतं. रेणूचा आकार, अणूंमधलं अंतर, गणिताची पद्धत, सगळं घडाघडा आलं. "यावरून दिसतं की या दोन धातूंच्या मधे..." आणि ती थांबली.

"पुढे?"

तिनं हातातल्या प्रबंधाच्या प्रतीचं एक पान उलटलं, परत सरळ केलं.

"अगं, पुढे? शेवटचंच तर वाक्य आहे."

"पुढचं खोटं आहे, सर."

बोलून गेली. झालं, सात वर्षांवर पाणी पडलं. ती वाट बघत राहिली. आता सर विचारतील, खोटं म्हणजे काय? कशावरून म्हणतेस? कुणी सांगितलं तुला? असलं काही ऐकलं की सर चवताळून उठायचे, खडू आण म्हणायचे, सिद्ध कर म्हणायचे.

सरांनी काहीच विचारलं नाही. ते हातातल्या मॉडेलकडे बघत होते आणि अंगठ्यानं एक गोळा चोळत होते.

तिला आधी कळेना. मग हळूहळू कळायला लागलं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हं."

"कधीपासून?"

"निबंध छापून आला त्याच्या पुढच्याच वर्षी. एक उदाहरण फळ्यावर हातानं सोडवत होतो. तिथे उणे आलं आणि हात थबकला. त्याच दिवशी घरी जाऊन प्रोग्राम काढून बघितला." सर हळू बोलत होते, पण अडखळत नव्हते. हे वाक्य त्यांनी मनात पुष्कळदा म्हटलेलं असावं. "दुरुस्ती पाठवायची असं ठरवलं होतं गं. म्हटलं, नंतर पाठवू. मग विभागप्रमुख झालो. मग अजून अवघड झालं. त्या रेणूकडे परत कुणी फिरकलं नाही, मलाही वाटलं मिटलं. आणि तू आलीस, आणि नेमका तसलाच रेणू घेऊन बसलीस."

"तुम्हीच दिला होतात तो."

"नाही. मी तीन दिले होते, त्यातून तू निवडलास. मी नको म्हणायला हवं होतं. पण का नको, ते सांगावं लागलं असतं."

तिनं मनातल्या मनात मागे मोजायला सुरुवात केली. टेबल, चष्मा, वरचं पान उलटणं, परत सरळ करणं.

"म्हणजे नंतर बघू म्हणायचात ते..."

"खोट्यावर सही करवत नव्हती. आणि खोटं का आहे तेही सांगवत नव्हतं. तू ते प्रकरण घेऊन आलीस की माझ्या पोटात गोळा यायचा."

"तुमच्या पोटात!" ती ओरडली. एवढ्याशा जागेत तो आवाज तिच्याच कानावर आदळला. "आणि माझ्या? सर, मी रात्रंदिवस तेच तेच करत होते. मला वाटायचं माझं काहीतरी चुकतंय, मलाच दिसत नाहीये. माझ्या गावच्या कॉलेजात जागा निघाली होती, डिग्री नाही म्हणून माझ्या मागच्या मुलीला मिळाली. तिला मी शिकवलं होतं! ती पोरं मला आजी म्हणतात, सर. मी स्वतःला मठ्ठ समजत होते. एक शब्द बोलला असतात ना, नुसतं चिन्ह बघ, एवढे दोनच शब्द, तर मला पुढचं समजलं असतं!"

"समजलं असतं," सर म्हणाले. "म्हणूनच बोललो नाही."

तिला त्यांचा गळा धरावासा वाटला. आणि गंमत म्हणजे त्याच क्षणी त्यांची दयाही आली, त्यामुळे राग आणखीच वाढला. हा माणूस तिच्याही कितीतरी आधीपासून आत बसला होता. पण तो स्वतःहून बसला होता, हिला त्यानं बसवलं होतं. दोन्ही एक नव्हतं.

"आज कुणी विचारणार नाही," सर थोड्या वेळानं म्हणाले. "समितीत त्या प्रोग्रामची माहिती कुणाला नाही. ते वाक्य बोलून टाक. महिन्या-दोन महिन्यांत तू सुटशील."

"आणि तुम्ही?"

"मीही," सर म्हणाले. निदान तेवढं तरी खरं बोलले.

वर छताच्याही वर काहीतरी खडखडलं आणि मेकॅनिकचा आवाज पोकळीतून घुमत आला. "आत कोण आहे? किती जण?"

"दोघं!"

"दार उघडून चढायला बघू नका, अधेमधे अडकलात तर चेंदामेंदा होईल. मी हातानं आणतो लिफ्ट. वर घेऊ की खाली?"

"वर!" सर म्हणाले.

"वरच बरं," मेकॅनिक म्हणाला. "माणसं कमी आहेत ना, ब्रेक सैल केला की दोराच्या दुसऱ्या टोकाच्या वजनानं आपोआप वर जाईल. आत्ता आणतो."

आपोआप वर. चौथा मजला, मग एक जिना, मग समिती, मग ते वाक्य. तिला काही म्हणजे काही करायचं नव्हतं. गप्प उभं राहायचं होतं. आणि गप्प उभं राहण्यात तिचा हात कोण धरणार होतं? सगळं गणित अधिकच अधिक होतं.

"खाली!" ती ओरडली. "मेकॅनिकभाऊ, खाली घ्या!"

वरची खडखड थांबली.

"अहो, एकदा काय ते ठरवा की! खाली घ्यायची तर चक्र फिरवत बसावं लागेल, ताई. हात भरून येतात. वेळ लागेल."

"लागू दे. माझा कागद खाली राहिलाय."

"वेडी आहेस का," सर हळूच म्हणाले. "नुकसान तुझं होईल. मी काय, महिनाअखेरीला घरी. तुला परत सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

"पहिल्यापासून नाही. पाचव्यापासून," ती म्हणाली. तिनं प्रबंधाची प्रत छातीशी धरली. ती शूर वगैरे झाली नव्हती. पुन्हा वर म्हणून ओरडावं असं तिला दोनदा वाटलं.

लिफ्ट कुरकुरत, बोटाबोटानं खाली सरकायला लागली. मेकॅनिक वर काहीबाही पुटपुटत होता, त्यातलं बरंचसं तिच्याच नावानं असणार. पाटीवरचं चार लुकलुकायचं थांबलं. नुसतं तीन उरलं.

दार उघडलं तेव्हा प्रयोगशाळेतली पोरं बाहेर घोळका करून उभी होती. "सुटली, आजी सुटली!" म्हणून त्यांनी टाळ्या पिटल्या. ती त्यांच्यातून वाट काढत आत गेली, खण उघडला आणि तळातला कागद ओढून काढला. परत येऊन बघते तर सर लिफ्टमध्येच उभे. दार उघडं होतं, तरी ते आरशाला टेकून तसेच.

"चला, सर."

"तू हो पुढे. मी येतो नंतर."

तिला हसावं की रडावं कळेना. ती जिना चढायला लागली.

पाचव्या मजल्यावर समितीचा चहा केव्हाच संपला होता. अध्यक्ष बाई कडक म्हणून प्रसिद्ध. "या, लिफ्टवाल्या बाई," म्हणाल्या. तिनं पहिली चार प्रकरणं कशीबशी आटपली, मग तो कागद वर केला. तांबडे-निळे गोळे, आणि दोन धातूंच्या मधे कोरी जागा. "प्रबंधात मी इथे बंध आहे असं लिहिलंय. तो नाही," तिनं सांगितलं, आणि वर्गाची अन् वर्गमुळाची सगळी भानगड समजावून दिली. वाक्य कुठेही अडलं नाही. तिला स्वतःलाच नवल वाटलं. पाचवं प्रकरण सांगताना ती पहिल्यांदाच अडखळली नव्हती.

बाईंनी कागद हातात घेऊन निरखला. "प्रोग्राम कुणाचा?"

तिनं सरांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. नाव घ्यायला तोंड उघडलं आणि घेववेना. इतक्या वर्षांची सवय.

"माझा," दारातून आवाज आला. जिने चढून सरांना धाप लागली होती. मॉडेल त्यांनी काखेत धरलं होतं. "चूक माझी आहे. तिची नाही."

"कधी लक्षात आली तुमच्या?" बाईंनी विचारलं.

सरांनी तिच्याकडे बघितलं. मग बाईंकडे, मग जमिनीकडे. "ते जरा लांबलचक आहे," ते म्हणाले. "नंतर सविस्तर..."

"आत्ता सांगा, सर," ती म्हणाली.

सात वर्षांत तिनं सरांना कधी कशाची आज्ञा केली नव्हती. सरांनी मॉडेल टेबलावर ठेवलं, चष्मा काढला आणि सांगितलं. सगळं सांगितलं, निबंध छापून आल्यापासून ते तिच्या प्रत्येक नंतर बघूपर्यंत.

निकाल व्हायचा तोच झाला. पाचवं प्रकरण रद्द, ते नव्यानं लिहायचं. मार्गदर्शक बदलायचा. मुदतवाढीचा अर्ज करायचा, तो मंजूर होईलच असं नाही. सरांचं काय करायचं ते वरचे लोक ठरवतील. बाई जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काम चांगलं आहे गं." बस, एवढंच. डिग्री नव्हती ती नव्हतीच, आणि उद्या सकाळी पुन्हा तेच कुलूप उघडायचं होतं.

ती जिन्यात येऊन पायरीवर बसली. फोनला आता रेंज आली होती आणि बाबांचे कॉल येऊन पडले होते. आज रविवार नव्हता, पण त्यांना तारीख पाठ होती. तिनं लावला.

"झालं का गं?"

"नाही, बाबा."

पलीकडून नेहमीचं, "बरं, होईल हो. तिकडे हवा कशी..."

"बाबा, का झालं नाही ते विचारा ना."

"विचारलं तर तुला वाईट वाटतं म्हणून नाही विचारत, बाळा."

"आज विचारा."

"का नाही झालं?"

तिनं पहिल्यापासून सांगितलं. तांबडा गोळा, निळा गोळा, वर्ग, वर्गमूळ, पुसलं गेलेलं चिन्ह, सरांचा चष्मा, सरांचं नंतर. बाबा मधे मधे हं हं म्हणत होते. त्यांना त्यातलं विज्ञान कितपत कळलं कुणास ठाऊक.

"म्हणजे इतकी वर्षं तुझं काहीच चुकत नव्हतं?" बाबांनी विचारलं.

"नाही, बाबा," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.